दोन आखूड, एक लांब

१

कपाटाची काच शाबूत होती, कुलूप लागलेलं होतं, आतले चषक आणि ढाली जागच्या जागी होत्या. गेली होती ती फक्त शिट्टी. लाल मखमलीवर तिच्या आकाराची खळी तेवढी उरली होती.

"आजच! नेमकं आजच!" प्राचार्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "पंचबाई, आता मी काय करू?"

"आधी सांगा, या कुलपाची किल्ली कुठं असते?"

प्राचार्यांनी कपाटाशेजारच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. किल्ली तिथंच लटकत होती. पंचबाईंना हसू आवरेना. म्हणजे हे कुलूप फक्त प्रामाणिक माणसांसाठी होतं.

पंचबाईंचा उभा जन्म बास्केटबॉलच्या कोर्टवर पंचगिरी करण्यात गेला होता. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी कोर्ट सोडलं, पण नजर आणि जीभ अजून तशीच धारदार होती. "जे दिसलं नाही ते मी वाजवत नाही, आणि जे दिसलं ते ब्रह्मदेव आला तरी सोडत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॉलेजच्या मुलींच्या संघासाठी नवा कोच निवडायची वेळ आली तेव्हा प्राचार्यांनी त्यांनाच बोलावलं. निवड समिती म्हणजे प्राचार्य आणि त्या, बस.

गेलेली शिट्टी मॅडमची होती. मॅडम म्हणजे या संघाच्या जुन्या कोच. करड्या, कडक, आणि शिट्टी तोंडात ठेवूनच बोलणाऱ्या. त्यांच्या शिट्टीची भाषा होती. दोन आखूड आणि एक लांब म्हणजे जिथं असाल तिथं थांबा आणि बेसलाइनवर, म्हणजे बोर्डामागच्या रेषेवर, येऊन उभ्या राहा. मग एक आखूड वाजली की सुटा. ती वाजेपर्यंत छप्पर कोसळलं तरी रेषा सोडायची नाही.

गेल्या मोसमाच्या शेवटी, एका सरावात, मॅडमनी दोन आखूड, एक लांब वाजवली. मुली धावत जाऊन रेषेवर उभ्या राहिल्या. मॅडम चार पावलं त्यांच्याकडे चालत आल्या आणि कोसळल्या. हृदय बंद पडलं होतं. मुली मात्र रेषेवरच उभ्या राहिल्या, कारण सुटायची शिट्टी काही वाजली नव्हती. सहायक कोच धावत आली, तिनं एकेकीला हाताला धरून हलवलं, तेव्हा कुठं त्या भानावर आल्या.

त्या सहायक कोचला सगळ्या मुली ताई म्हणत. आजच्या तीन उमेदवारांत तीही होती. तिच्यासाठी आजचा दिवस म्हणजे आर या पार होता. निवड झाली तर संघ तिचा, नाही झाली तर नोकरीच गेली, कारण नवा कोच आपला सहायक आपणच आणतो.

"चला," पंचबाई म्हणाल्या. "शिट्टी गेली म्हणून खेळ थोडाच थांबतो?"

त्यांचं हे म्हणणं तासाभरातच खोटं ठरणार होतं.

२

ठरलं होतं असं, की सकाळी प्रत्येक उमेदवारानं समितीसमोर संघाचा सराव घ्यायचा, दुपारी मुलाखत, आणि संध्याकाळी नाव जाहीर.

पहिले आले कर्नल. हे गृहस्थ फौजेत कधीच नव्हते. मिशा आणि आवाज यांच्या जोरावर त्यांनी ती पदवी कमावली होती. त्यांचे संघ जिंकायचे हे खरं, आणि त्यांच्या संघातल्या मुली दोन वर्षांत खेळ सोडून द्यायच्या हेही तितकंच खरं.

"कोच म्हणजे दरारा!" कर्नल गरजले. "दरारा असला की पाय आपोआप उडतात. बोर्डाखाली रांग करा!"

पंचबाई बाकावर बसल्या होत्या. एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला ताई. बाकाच्या टोकाला मॅडमची जागा होती. तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. प्राचार्यांनीसुद्धा तिच्यापासून हातभर अंतर ठेवलं होतं, आणि विचारलं असतं तर म्हणाले असते की उन्हाची तिरीप येते.

हॉल उंच होता, आवाज घुमणारा. चेंडू एकदा आपटला की दोनदा ऐकू यायचा. कर्नलांनी बोर्डाला हात लागेपर्यंत उड्या मारायला लावल्या. एकामागून एक मुलगी धावत येऊन उडत होती, धप्पकन उतरत होती. रांगेत मागं उभी होती ती संघातली सर्वांत उंच पोर. तिला सगळ्या 'शिडी' म्हणत. एक चेंडू घरंगळत प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागच्या सामानाच्या खोलीकडे गेला. कॅप्टन त्याच्या मागं धावली. शिडीचा नंबर आला. तिनं श्वास घेतला.

आणि शिट्टी वाजली. दोन आखूड, एक लांब.

कुठून वाजली ते कळलं नाही. छतातून, भिंतींतून, चहूकडून एकदमच आली. ताईनं बाकाची कड घट्ट धरली. प्राचार्य उठून उभे राहिले आणि उठल्यावर काय करायचं ते न सुचून परत बसले.

मुली मात्र पळत सुटल्या. सर्वांत आधी रेषेवर पोचली ती यंदाच संघात आलेली चुणचुणीत पोर, जिला सगळ्या नुसतं 'नवी' म्हणत. सर्वांत शेवटी आली कॅप्टन, काखेत चेंडू घेऊन. टाचा रेषेवर, नजर समोर.

"हा काय पोरखेळ आहे?" कर्नल ओरडले. "रांगेत या!"

कुणी हललं नाही. कर्नल ओरडून ओरडून लाल झाले, पण सुटायची शिट्टी वाजली नव्हती, आणि ती कोणती हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी ताई उठली, एकेकीच्या खांद्यावर हात ठेवत गेली, तेव्हा रांग मोडली. पंचबाईंच्या अंगावर काटा आला होता. मॅडम पडल्या त्या दिवशीही असंच झालं असणार, हे त्यांना न सांगता कळलं.

३

दुसरी उमेदवार एके काळची नामांकित खेळाडू होती. तिची पदकं इतकी, की पोरींनी तिला पाहता क्षणी 'पदकवाली' करून टाकलं. कर्नलांच्या वेळी ती कपडे बदलायच्या खोलीत एकटीच होती, त्यामुळे कर्नल तिच्याकडे संशयानं पाहत प्राचार्यांना घेऊन ऑफिसात गेले. तिथून त्यांचा आवाज हॉलपर्यंत येत होता.

"भुताखेतांवर माझा विश्वास नाही," पदकवाली मुलींना हसून म्हणाली. "आणि असलंच, तर त्यालाही बचाव शिकवू."

मुली हसल्या. बाई खरंच चांगली शिकवत होती. कसं वळायचं, चेंडू कसा लपवायचा, करून दाखवत होती. पंचबाईंना आवडली ती. ताईही थोडा वेळ पाहत बसली, मग एकाएकी उठून बाहेर निघून गेली.

"आता रिबाउंड," पदकवाली म्हणाली. "चेंडू बोर्डावरून परत येईल, सगळ्यांनी झेप घ्यायची. जी सर्वांत उंच जाईल तिचा चेंडू."

पहिला चेंडू दूर उडाला. डाव्या हातानं खेळणारी एक मुलगी, तिला डावखुरीच म्हणत, तो आणायला पायऱ्यांमागं पळाली. पुढचा चेंडू बोर्डाला लागला. शिडी गुडघ्यात वाकली.

दोन आखूड, एक लांब.

पुन्हा पळापळ, पुन्हा रेषा. डावखुरी शेवटी धावत आली, काखेत चेंडू. या खेपेला पदकवालीचाही चेहरा उतरला. पण ती हार मानणाऱ्यातली नव्हती. ती तडक रेषेपाशी गेली आणि तिनं शिडीला दंडाला धरून बाहेर काढलं.

"तू ये. तू सगळ्यांत उंच, तू कशाला घाबरतेस? तू उडी मारलीस की बाकीच्या आपोआप येतील. चल!"

शिडीनं मागं वळून मैत्रिणींकडे पाहिलं. सगळ्या रेषेवर उभ्या, चुन्यासारख्या पांढऱ्या. तिनं चेंडू घेतला, दोन पावलं टाकली. तेवढ्यात दार उघडून ताई आत आली. दोन्ही हातांत बर्फाची पिशवी धरलेली, मनगटावरून पाणी ओघळतंय.

आणि पुन्हा वाजली. दोन आखूड, एक लांब. या वेळी इतकी जवळून, की पंचबाईंनी नकळत बाकाच्या टोकाला, मॅडमच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

शिडीच्या हातातून चेंडू सुटला. ती जमिनीवर बसली आणि गुडघ्यांना मिठी मारून रडू लागली.

४

ताईच्या सरावात काहीच झालं नाही, आणि तेच तिच्या मुळावर आलं.

तिनं साधंसुधं काम घेतलं. अर्ध्या मुली पास देत होत्या, अर्ध्या बचावाची पावलं टाकत होत्या. शिडीला तिनं बास्केटसमोर उभं करून नुसते फ्री थ्रो टाकायला सांगितले, तेही पाय न उचलता. कुणी दचकलं नाही, काही वाजलं नाही. सराव संपला तसे कर्नल टाळ्या वाजवत उभे राहिले.

"वा! भूत मोठं हुशार दिसतंय. आमच्या दोघांचा सराव उधळतं आणि आपल्या माणसाच्या वेळी मुकाट बसतं!"

"माझ्या वेळी ताई बाहेर गेली होती, एवढं मात्र खरं," पदकवाली अवघडून म्हणाली.

"पण तुमच्या वेळी, कर्नल, ती माझ्या शेजारी बसली होती," पंचबाईंनी सुनावलं. "आणि पदकवालींच्या वेळी त्या स्वतः कोर्टवर होत्या, तुम्ही ऑफिसात. कुणा एकाला दोन्ही वेळा जमलं नसतं."

"स्वतःच्या तोंडानं कशाला वाजवायला हवी? कुणाला तरी वाजवायला लावली असेल. नाहीतर कपाटातली शिट्टी कुणाच्या उपयोगाची?"

प्राचार्यांनी पंचबाईंना बाजूला घेतलं. बिचारे घामाघूम झाले होते. "बाई, मुलाखतीआधी याचा छडा लागला नाही तर मला ताईचं नाव काढून टाकावं लागेल. उद्या चारी बाजूंनी बोंब होईल."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी?"

"मग चोर दाखवा ना!"

ताई पायऱ्यांवर बसली होती. पंचबाई तिच्या शेजारी टेकल्या. "काय गं, बर्फ कुणासाठी आणला होतास? कुणाला लागलं तर नव्हतं."

"लागायच्या आधीच आणून ठेवते, बाई."

"आणि शिट्टीचं काय?"

"मी वाजवली नाही. वाजवायला सांगितलीही नाही."

"कुणी वाजवली ते माहीत आहे?"

ताई बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "माझं नाव काढणार असतील तर काढू दे," ती शेवटी म्हणाली. "मुलींना त्रास देऊ नका, एवढंच सांगते. मॅडम गेल्यापासून त्या नीट झोपत नाहीत. मलाही डोळा लागला की त्या रेषेवर उभ्या दिसतात."

कुठंतरी पाणी मुरत होतं. पंचबाई डोळे मिटून बसल्या आणि सकाळचा खेळ मनात पुन्हा चालवू लागल्या. सवयच ती. चेंडू कुठं जातो हे जगाला दिसतं, पंचानं पाय पाहायचे असतात. शिडीचे पाय. कॅप्टनचे पाय. नवीचे पाय. नवीच्या पायांपाशी त्या थबकल्या.

नवी नळावर पाणी पीत होती. पंचबाई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तू या संघात कधी आलीस, बाळ?"

"यंदाच, बाई. प्रवेशच यंदा झाला."

"म्हणजे मॅडमच्या हाताखाली खेळली नाहीस."

"नाही ना. फोटोतच बघितलंय त्यांना."

"मग मला एवढं सांग, जी शिट्टी तू जन्मात ऐकली नव्हतीस, ती ऐकून तू सगळ्यांच्या आधी रेषेवर कशी पोचलीस? आणि तुझा पाय शिट्टी वाजायच्या आधी कसा उचलला गेला?"

नवीच्या घशात पाणी अडकलं.

५

सामानाची खोली म्हणजे पायऱ्यांखालचा अंधारा खण. जुने चेंडू, फाटकी जाळी, गुंडाळलेल्या गाद्या. वर छताला लागून एक झरोका, तो थेट हॉलमध्ये उघडणारा. इथं वाजवलेला आवाज त्या झरोक्यातून वर चढायचा आणि सगळ्या छतभर पसरायचा. चेंडूंच्या घडवंचीमागं, खिळ्याला, मॅडमची शिट्टी टांगलेली होती.

सगळा संघ त्या खणात दाटीवाटीनं उभा होता. मुसमुसणं चाललं होतं.

"मी सांगते, तुम्ही नुसत्या माना हलवा," पंचबाई म्हणाल्या. "सगळे एक माणूस शोधत बसले. एक माणूस कसा सापडणार? हे काय बुद्धिबळ आहे? पहिल्या वेळी चेंडू आणायला कॅप्टन इकडे आली, शिट्टी वाजली, आणि कॅप्टन शेवटी रेषेवर पोचली. दुसऱ्या वेळी डावखुरी आली, शिट्टी वाजली, डावखुरी शेवटी पोचली. दोघींच्याही काखेत चेंडू. मी मेली बसले भुताला शोधत! काखेत कळसा म्हणतात तो हाच."

माना हलल्या.

"तालीम पक्की केली होती तुम्ही. इतकी पक्की की नवीला दम धरवला नाही. आता राहिलं कशासाठी ते. कर्नलांना पळवायला? मग त्यांनी अर्धा तास तुम्हाला फैलावर घेतलं तेव्हा का नाही वाजवली? पदकवाली तर तुम्हाला आवडली होती. शिट्टी वाजली ती दोन्ही वेळा उडीच्या कामात. आणि त्यातही एकीच्याच पाळीला."

सगळ्यांच्या नजरा शिडीकडे गेल्या. शिडीनं खाली बसून पँट वर केली. डावा गुडघा उजव्याच्या दीडपट सुजलेला होता.

"अगं बाई!" पंचबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मॅडमच्या शेवटच्या सरावात झालं हे," शिडी म्हणाली. "त्याआधीही दुखायचा. मी सांगितलं नव्हतं. मॅडम उड्या मारायला लावत होत्या, मी मारत होते. त्या दिवशी मी उतरले आणि आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. मॅडमनी पाहिलं. त्यांनी आधी कधीच पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. त्यांनी शिट्टी वाजवली ती मला थांबवायला. माझ्याकडेच चालत येत होत्या त्या."

कॅप्टननं पुढं सांगितलं.

"आणि आम्ही रेषेवर उभ्या होतो, बाई. आमच्यासमोर त्या पडल्या आणि आम्ही उभ्या होतो. एकीनं तरी पाऊल टाकायला हवं होतं की नाही? त्यांचं शेवटचं सांगणं एवढंच होतं, की हिला थांबवा. ते तरी आम्ही नीट करायचं ठरवलं."

"मग सरळ सांगून का नाही टाकलंत?"

"ही खेळाच्या कोट्यातून आलीय. खेळता येत नाही म्हटलं की जागा गेली, हॉस्टेल गेलं. घरी परत. घरचे तर वाटच बघतायत हिला परत बोलवायची. थोडे महिने विश्रांती मिळाली तर बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. ताईलाही आम्ही कळू दिलं नाही. कळलं तर तिला वर सांगावंच लागेल ना."

ताईला कळू दिलं नाही म्हणे! पंचबाईंना ती बर्फाची पिशवी आठवली. एकच गुपित दोन्ही बाजूंनी एकमेकांपासून लपवलं जात होतं.

"बरं, ऐका. हिचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही," त्यांनी शब्द दिला. "पण डावखुरे, हिला रेषेवरून ओढून नेल्यावर तू दुसऱ्यांदा वाजवलीस तेव्हा..."

डावखुरीनं चमकून वर पाहिलं. "दुसऱ्यांदा?"

तेवढ्यात बाहेरून प्राचार्यांची हाक आली. मुलाखती सुरू होत होत्या.

६

"तिघांना मी एकच प्रश्न विचारणार," पंचबाईंनी प्राचार्यांना बजावलं. "मधे बोलू नका."

कर्नल आले, बसले, मिशीला पीळ दिला.

"या संघात एक मुलगी आहे जिनं आज उडी मारायला नको होती. कोणती?"

"अशी मुलगी नसते, बाई. असते ती भीती. उडीनं कुणी मरत नाही."

पदकवाली आली. तिला तोच प्रश्न. तिनं डोळे मिटून सकाळचा सराव आठवला. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. "मला नाही दिसलं," ती म्हणाली. "मी चेंडूकडे बघत होते. ती उंच मुलगी का? मी तिला ओढून नेलं. बाई, तिला काही झालं तर नाही ना?"

"नाही झालं. तुम्ही विचारलंत, हे मी लक्षात ठेवीन."

मग ताई आली. प्रश्न ऐकून तिनं हात मांडीवर ठेवले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण सांगणार नाही."

"अहो!" प्राचार्यांना राहवलं नाही. "तुमची नोकरी पणाला लागलीय!"

"ठाऊक आहे, सर. पोरीचं दुखणं पोरीचं असतं. ती स्वतः सांगायला तयार झाली की सांगेल. मी चार महिन्यांपासून तिच्या पायाकडे बघतेय, कधी येऊन सांगते त्याची वाट बघतेय. आज इथं नाव घेतलं तर मला खुर्ची मिळेल आणि तिची जागा जाईल. तसली खुर्ची मला नको. आणि दिलीच, तर माझी एक अट आहे. कॉलेजसाठी खेळताना जी मुलगी जायबंदी होईल, तिची जागा आणि हॉस्टेल बरी होईपर्यंत राहिलं पाहिजे. हे कबूल नसेल तर मला घेऊ नका."

पंचबाईंनी मग कर्नल आणि पदकवालीलाही आत बोलावलं.

"शिट्टी संघानं वाजवली. एका मैत्रिणीला उडीपासून वाचवायला. कर्नल म्हणतात, ताईच्या वेळी वाजली नाही म्हणून ताई चोर. अहो, ताईच्या वेळी वाजायचं कारणच नव्हतं. तिनं त्या पोरीला उडी मारायला लावलीच नाही. तुम्हा दोघांना जे शिट्टी वाजवून सांगावं लागलं, ते तिला आधीच दिसत होतं."

"किंवा तिनंच पोरींना पढवलं!" कर्नल उसळले.

"पढवलं असतं तर पोरींनी तिला विश्वासात घेतलं असतं. त्यांना अजून वाटतंय की तिला दुखण्याचा पत्ताच नाही. ही मात्र त्यांच्यावर संशय येऊ नये म्हणून चोरीचा आळ स्वतःवर घेऊन बसलीय. माझ्या मते कोच म्हणतात तो याला."

"तिचंच नाव लावा, सर," पदकवाली म्हणाली. "मी शिकवते चांगलं. पण ही बघते चांगलं."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हा माणूस जन्मभर वाऱ्याची दिशा बघून चालत आला होता. पण मॅडम कोसळल्या त्या दिवशी तोही हॉलच्या दारात होता.

"मुलीचं नाव मला कागदावर नको," ते म्हणाले. "अट कबूल."

७

उन्हं कलली होती. हॉलच्या उंच खिडक्यांतून तिरपा उजेड कोर्टवर पडला होता. शिडी पाय लांब करून बाकावर बसली होती, गुडघ्यावर बर्फ. तिनं स्वतःच ताईला सगळं सांगितलं होतं. ताईनं फक्त "हं" म्हटलं आणि पिशवी नीट बसवून दिली.

पंचबाईंनी मॅडमची शिट्टी ताईच्या हातात ठेवली. धातूवर मॅडमच्या दातांच्या खुणा अजून होत्या.

"एक राहिलं," पंचबाई म्हणाल्या. "डावखुरे, तू एकदाच वाजवलीस?"

"एकदाच, बाई. शिट्टी खिळ्याला अडकवली आणि धावत रेषेवर आले. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा मी कॅप्टनच्या शेजारी होते. आम्हाला वाटलं, ताईनं वाजवली."

"मी?" ताई म्हणाली. "माझ्या तर दोन्ही हातांत बर्फ होता. मला वाटलं, तुमच्यापैकीच कुणीतरी."

पंचबाईंनी ते चित्र पुन्हा डोळ्यांपुढं आणलं. सगळा संघ रेषेवर. शिडी चेंडू घेऊन निघालेली. पदकवालीचं तोंड उघडं, शिट्टी गळ्यात. ताई दारात. कर्नल आणि प्राचार्य ऑफिसात, त्यांचा आवाज येतोय. आणि शेजारी बाकाच्या टोकाला रिकामी जागा. हाताचे केस उभे राहिलेले त्यांना दिसले.

"बाई, मग ती कुणी वाजवली?" नवीनं बारीक आवाजात विचारलं.

"मला दिसलं नाही," पंचबाई म्हणाल्या. "आणि जे दिसलं नाही ते मी वाजवत नाही."

मुली एकमेकींकडे बघत उठल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी एकेक करत त्या बेसलाइनकडे गेल्या आणि टाचा जुळवून उभ्या राहिल्या. शिडीही लंगडत गेली आणि टोकाला उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "आम्ही त्या दिवसापासून इथंच उभ्या आहोत. आम्हाला सोड ना. आणि मॅडमनाही सोड."

ताईचे डोळे भरून आले. तिनं शिट्टी तोंडाला लावली, पण ओठ थरथरत होते, वारा नुसताच निघून गेला. पंचबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं पुन्हा श्वास घेतला आणि एक आखूड शिट्टी वाजवली.

आवाज छतापर्यंत गेला, तिथं थोडा वेळ राहिला आणि विरला. मुली हललेल्या नव्हत्या. मग कॅप्टननं रेषेच्या पुढं एक पाऊल टाकलं, तिच्यामागून सगळ्यांनी, आणि त्या ताईच्या गळ्यात पडून मोठ्यांदा रडू लागल्या.

पंचबाई बाकाकडे परत आल्या. दिवसभराच्या धावपळीनं गुडघे दुखत होते. त्या बाकाच्या टोकाला, रिकाम्या जागेवर, बसल्या. जागा थंडगार होती, आणि तिथं आता कुणी नव्हतं.